पार्ल्याची गोडी : ताट, सूर आणि मिरवणूक

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा दिवस विलेपार्ल्यात दोन प्रकारांनी उजाडतो. एका घरात पहाटेपासून नारळ खवला जात असतो, उकडीसाठी तांदळाची पिठी मोजून काढलेली असते आणि मखराला शेवटचा हात फिरत असतो. त्याच मजल्यावरच्या समोरच्या घरात मात्र चूल पेटलेली नसते. घरातील थोरली माणसे चरवळा आणि कटासणे घेऊन उपाश्रयाकडे निघालेली असतात, लहानांनाही आज जमेल तसा उपवास असतो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत हाच संवत्सरीचा दिवस. 2025 साली गणेशचतुर्थी आणि संवत्सरी या दोन्ही तिथी 27 ऑगस्टलाच आल्या होत्या. स्थानकवासी घरांत संवत्सरी दुसऱ्या दिवशी, पंचमीला. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व त्याच सुमारास सुरू होते आणि अनंत चतुर्दशीला पूर्ण होते. म्हणजे ज्या संध्याकाळी गणपती विसर्जनाला निघतात, त्याच संध्याकाळी.

या शहराचा सर्वांत मोठा आनंदोत्सव आणि आपले सर्वांत मोठे आत्मनिरीक्षण असे एकाच पंधरवड्यात येते. बाहेर ढोल-ताशा, आत प्रतिक्रमण; बाहेर मोदक, आत उपवास. मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या व्यापारी कुटुंबांना हे नवे नाही. तरीही एक प्रश्न पुन्हा विचारण्याजोगा आहे. ज्या शहराने आपल्याला पेढी दिली, घर दिले, मुलांना शाळा-महाविद्यालये दिली, त्या शहराच्या ताटावर, त्याच्या सुरांवर आणि त्याच्या मिरवणुकांवर आपण खरोखर प्रेम करतो का? की खिडकीतून त्या पाहतो आणि खिडकी लावून घेतो?

गावाचे नाव मोठे करणारे

सांताक्रूझ आणि अंधेरी यांच्यामधले हे गाव मूळचे वाड्यांचे आणि शेतांचे. येथील जुने रहिवासी ईस्ट इंडियन आणि कोळी. त्यांच्या गावठाणांतील कौलारू घरे आणि रस्त्याकडेचे क्रूस आजही उंच इमारतींच्या सावलीत टिकून आहेत. लोकल गाडीने शहर जवळ आणले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे मराठी मध्यमवर्गाची वस्ती वाढली. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी, 1921 साली, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. 1923 साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती आणि तिचे नेतृत्व करणाऱ्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखा व्यापारी घराण्यातील पुरुष होता. 1934 साली श्री विलेपार्ले केळवणी मंडळ उभे राहिले आणि रुळांच्या पश्चिमेला गुजराती समाजाच्या विद्यासंस्थांची परंपरा सुरू झाली.

या सर्वांत व्यापाऱ्यांनी मनावर कोरून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. 1929 साली चौहान कुटुंबाने पार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांचा एक लहानसा कारखाना काढला. मोहनलाल दयाल चौहान हे गुजरातमधून मुंबईला आलेले, आधी रेशमाच्या धंद्यात असलेले गृहस्थ. दहाएक वर्षांनी त्याच कारखान्यात बिस्किटे भाजली जाऊ लागली. व्यापारी आपल्या मालावर सहसा स्वतःचे नाव घालतो, वडिलांचे घालतो, कुलदैवताचे घालतो. या कुटुंबाने मालाला गावाचे नाव दिले. त्यामुळे ज्यांनी मुंबईसुद्धा पाहिलेली नाही अशा कोट्यवधी लोकांनी 'पार्ले' हा शब्द चहाबरोबर तोंडात घोळवला आहे. 2016 साली तो कारखाना बंद झाला. तोपर्यंत स्टेशनात गाडी थांबली की भाजलेल्या पिठाचा आणि साखरेचा गोड वास डब्यात शिरत असे. पार्लेकरांची एक अख्खी पिढी डोळे मिटूनसुद्धा आपले स्टेशन ओळखत होती. परगावाहून येऊन इथल्या मातीचे नाव मोठे करणे, हा प्रेमाचा एक नमुना आपल्यासमोर त्या कुटुंबाने ठेवला आहे.

ताट

शहराची ओळख जिभेवरून होते असे म्हणतात. आपली अडचण अशी की आपली जीभ व्रताने बांधलेली आहे. कंदमुळे नाहीत, कांदा-लसूण नाही, वासी अन्न नाही, सूर्यास्तानंतर काही नाही. मुंबईचे रस्त्यावरचे खाणे नेमके याच्या उलट. दादर स्थानकाबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव जन्मला असे मानले जाते. त्याच्या पोटात बटाटा आणि चटणीत लसूण. पावभाजीतही बटाटा, रगड्याबरोबरच्या पॅटिसातही बटाटा, आणि या सर्वांना खरी चव चढते ती दिवेलागणीनंतर.

परंतु या शहराची एक खुबी आहे. ते गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही. जुहूच्या वाळूवरच्या गाडीवाल्याने केव्हातरी बटाट्याच्या जागी कच्चे केळे उकडून घेतले, वाटाणे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची वाढवली आणि 'जैन पावभाजी' तयार झाली. पाणीपुरीत बटाट्याऐवजी मूग किंवा चणे आले. मिठीबाई महाविद्यालयासमोरच्या गल्लीत डोशांचे तवे तापलेले असतात, तिथे 'जैन' हा एकच शब्द उच्चारला की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. हा शब्द आज मुंबईतल्या बहुतेक खाद्यपत्रकांवर छापलेला दिसतो. आपल्या संख्येच्या मानाने ही सवलत फार मोठी आहे. ती आपल्याला कोणत्या कायद्याने मिळालेली नाही. शहराने आपण होऊन दिलेली आहे.

रस्त्यावरच्या खाण्यापेक्षाही मराठी घराच्या ताटाशी आपले नाते जवळचे आहे, आणि ते आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुरणपोळी पाहा : चण्याची डाळ, गूळ, कणीक, वेलची. उकडीचे मोदक : तांदूळ, नारळ, गूळ. नैवेद्याच्या ताटात कांदा-लसूण मराठी घरांतही वर्ज्यच. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे सोडणारी मराठी कुटुंबे आजही पार्ल्यात आहेत. त्यांच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला 'कांदेनवमी' म्हणतात. चार महिने कांदा सोडायचा म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालिपिठे असे सारे हौसेने करून खायचे. दोनच दिवसांनी आषाढी एकादशी येते आणि त्यांचा चातुर्मास लागतो. आपला त्यानंतर तीन दिवसांनी, आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून.

भाद्रपद शुद्ध पंचमी ही ऋषिपंचमी. त्या दिवशी मराठी स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. नांगराशिवाय, परसात किंवा हाताने लावलेल्या भाज्यांची 'ऋषीची भाजी' करतात. मुक्या प्राण्याला आपल्या पोटासाठी एक दिवस तरी राबवू नये, हा भाव त्यामागे आहे. त्या भाजीत सुरण असतो, अळू असते. आपल्या नियमात ती बसत नाही. पण तिच्यामागचा विचार ऐकला की वाटते, ही तर आपल्याच घरातली गोष्ट.

मी लग्न होऊन पार्ल्यात आले त्या वर्षीची संवत्सरी मला आठवते. माझी अठ्ठाई होती. शेजारच्या काकूंनी दुपारी दार वाजवले. हातात ताट नव्हते. "अगं, उद्या तुमचं पारणं किती वाजता?" त्यांनी विचारले. मी नवकारशीची वेळ सांगितली आणि संकोचून म्हणाले, "काकू, तुम्ही आजचे मोदक ठेवून देऊ नका. आमच्यात रात्रीचं चालत नाही." त्या हसल्या. "ठाऊक आहे गं मला. तुझ्या सासूबाईंना तीस वर्षं देतेय. सकाळी उठून नवा नारळ फोडते मी." दुसऱ्या दिवशी, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होताच, केळीच्या पानाने झाकलेले पाच मोदक आले. गरम होते. काकूंच्या घरी आदल्या दिवशीचे सारण शिल्लक असणार. तरी आमच्या एका नियमासाठी त्या पहाटे पुन्हा खवणीवर बसल्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते.

आपल्या व्रताची जपणूक आपण करतोच. त्यात आश्चर्य नाही. आपले व्रत दुसऱ्याने जपावे, तेही तीस वर्षे, कुठे वाच्यता न करता, याला मोठे मन लागते. त्यानंतर मीही त्यांच्या संकष्टीच्या वेळा लिहून ठेवू लागले. चंद्रोदय उशिरा असेल त्या रात्री आमच्या घरून त्यांच्याकडे गरम दूध जाते. आम्ही स्वतः त्या वेळी पाणीसुद्धा घेत नसलो तरी.

सूर

पार्ल्याचे नाव घेतले की मराठी माणसाला पु. ल. देशपांडे आठवतात. 8 नोव्हेंबर 1919 रोजी गावदेवीला जन्मलेले पु. ल. याच उपनगरात वाढले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकले. लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण पेटीवादक आणि संगीतकार म्हणूनही त्यांचा अधिकार मोठा होता. 1953 च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाची कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका हे सर्व त्यांचेच, आणि त्यातले भीमसेन जोशी यांच्या आवाजातले भक्तिगीत आज सत्तर वर्षांनंतरही पार्ल्याच्या सकाळी ऐकू येते.

सूर हा येथील घरांच्या दिनक्रमाचा भाग आहे. पूर्वेला कुठल्याही जुन्या रस्त्याने संध्याकाळी चालत जावे, एखाद्या खिडकीतून तंबोरा लागलेला, एखाद्या गच्चीवर तबल्याची शिकवणी चाललेली. हिवाळ्यात हृदयेश महोत्सवासाठी मैदानात मांडव पडतो आणि थंडीत शाली पांघरून माणसे तासन् तास बसतात. ज्या महानगरपालिकेच्या नाट्यगृहात पार्लेकर नाटकाला जातात, त्यालाही मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. 1918 साली बलवंत संगीत मंडळी काढून मराठी रंगभूमीवर आपल्या तेजस्वी गायकीने ठसा उमटवणारा हा गायकनट.

रुळांच्या पूर्वेला दीनानाथ, पश्चिमेला भाईदास. एकात मराठी नाटकाची घंटा, दुसऱ्यात कित्येक वर्षे गुजराती नाटकाची. या दोन रंगभूमी एकमेकींकडे सतत डोकावत आल्या आहेत. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 1975 साली 'ती फुलराणी' लिहिले आणि भक्ती बर्वे यांनी ते अजरामर केले. त्याच दशकात गुजराती रंगभूमीवर त्याच मूळ नाटकावरून मधु राय यांचे 'संतु रंगीली' आले आणि सरिता जोशी यांनी ते गाजवले. विषय एकच : बोलीवरून माणसाची किंमत करणाऱ्या समाजाची फजिती. दोन्ही नाटकांच्या वेळी प्रेक्षक तितक्याच जोराने हसले. मात्र पूर्वेच्या प्रेक्षकाने पश्चिमेचे आणि पश्चिमेच्या प्रेक्षकाने पूर्वेचे नाटक पाहिले, असे फार थोड्या घरांत घडले असेल. मध्ये होता तो फक्त एक रेल्वेचा पूल.

आपल्या परंपरेला परका सूर वर्ज्य नाही, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. स्नात्रपूजा गाऊनच होते. संध्याकाळच्या भावनेत स्तवन हेच मुख्य. मध्ययुगातील जैन कवींनी रास आणि स्तवने रचताना आरंभी 'देशी' लिहून ठेवण्याची पद्धत पाडली. देशी म्हणजे ज्या लोकप्रिय चालीवर ते पद म्हणायचे, त्या चालीची खूण. बाजारात, पाणवठ्यावर, लग्नघरात जे गाणे लोकांच्या ओठांवर असे, त्याची चाल साधू-कवींनी उचलली आणि तीत तीर्थंकरांचे गुण भरले. मूळ गाणी लोक विसरले. त्यांच्या आठवणी आपल्या पोथ्यांत शिल्लक राहिल्या. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' या आपल्या ग्रंथात अशा देशींची मोठी सूची दिली आहे. ज्या समाजाने शेजाऱ्याची चाल इतक्या जपणुकीने टिपून ठेवली, त्याच्या मुलांना शेजाऱ्याच्या गाण्याच्या बैठकीत परके वाटण्याचे कारण नाही.

आणि बाजारात कान उघडे ठेवण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. शके 700 मध्ये, म्हणजे इसवी सन 779 च्या सुमारास, जालोर येथे उद्योतनसूरींनी 'कुवलयमाला' हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी जमलेले आहेत आणि ग्रंथकार प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि बोलणे टिपतो आहे. त्या गर्दीत मराठे आहेत. त्यांच्या तोंडी त्याने जे दोन शब्द घातले आहेत, त्यांचा अर्थ दिलेले आणि घेतलेले असा होतो. मराठी बोलीची ही अगदी प्राचीन नोंद एका जैन आचार्याने केली, आणि ती पेठेत उभे राहून ऐकावी तशी केली. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या चरणांजवळ कोरलेले वाक्यही मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांपैकी एक आहे. मराठी ही आपल्याला बाजारापुरती शिकावी लागलेली भाषा नव्हे. तिच्या बाळपणापासून आपले पूर्वज तिच्याजवळ आहेत.

मिरवणूक

पश्चिमेकडील ख्रिस्ती देशांत कार्निव्हल नावाचा उत्सव असतो. गोव्यात तो पोर्तुगीजांबरोबर आला. राजा मोमो गादीवर बसतो, चार दिवस नाच-गाणे आणि चित्ररथ चालतात, आणि राखेच्या बुधवारी सारे थांबून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा संयमाचा काळ सुरू होतो. 'कार्निव्हल' हा शब्दच मांस दूर सारणे अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात त्याच मंगळवारी प्रचंड मिरवणुका निघतात. म्हणजे तेथेही उत्सवाच्या पाठीमागे त्याग उभा आहे. आधी मनसोक्त आनंद, नंतर संयम. आपल्या शेजारची कांदेनवमी याच जातीची.

आपला क्रम उलटा आहे. आपल्याकडे आधी तप आणि मग मिरवणूक. कोणी अठ्ठाई करते, कोणी मासक्षमण, कोणाचे वर्षीतप पूर्ण होते, आणि त्यानंतर तपस्व्याला रथात बसवून वाजतगाजत वरघोडा काढतात. पुढे इंद्रध्वजा, बँड, डोक्यावर कलश घेतलेल्या स्त्रिया, मागे साधू-साध्वी आणि श्रावक-श्राविका. रस्त्याने जाणारा पार्लेकर थांबतो आणि विचारतो, "लग्न आहे का?" कोणीतरी सांगते, "नाही, या मुलीने आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी घेतलं." तो क्षणभर गप्प होतो आणि मग हात जोडतो. ही दाद देण्याची रीत त्याला कोणी शिकवलेली नाही. उपासतापासाची किंमत त्याच्या आजीच्या घरातही होती.

चैत्रात तर पार्ल्याचे रस्ते दोनदा सजतात. शुद्ध प्रतिपदेला गुढीपाडव्याची शोभायात्रा. विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झालेली ही प्रथा आता पार्ल्यातही रुजली आहे. लेझीम, ढोल-ताशांची पथके, नऊवारीतल्या मुली, ऐतिहासिक देखावे. त्यानंतर बारा दिवसांनी, शुद्ध त्रयोदशीला, भगवान महावीरांचे जन्मकल्याणक आणि आपली रथयात्रा. रस्ते तेच, रांगोळ्या काढणारे हातही पुष्कळदा तेच. मग पाडव्याच्या सकाळी आपल्या दुकानांपुढे पाण्याची आणि ताकाची व्यवस्था का नसावी? वर्गणीच्या पुस्तकात आपले नाव वरच्या पानावर असते; कमानीवर पेढीची जाहिरातही असते. पण त्या सकाळी आपण स्वतः कोठे असतो?

2025 च्या एप्रिलमध्ये याच रस्त्यांनी आपल्याला वेगळ्या कारणाने खाली उतरवले. 10 एप्रिलला जन्मकल्याणक साजरे झाले आणि 16 एप्रिलला पूर्व पार्ल्याच्या कांबळीवाडीतील पार्श्वनाथ दिगंबर जैन मंदिर महानगरपालिकेने पाडले. 19 एप्रिलला हजारो जैन बांधव-भगिनी, श्वेतांबर-दिगंबर असा भेद न ठेवता, अंधेरी पूर्वेच्या विभाग कार्यालयापर्यंत चालत गेले. त्या दुःखाची चर्चा अन्यत्र झाली आहे. येथे एवढेच नोंदवायचे आहे की त्या दिवशी आपल्याला कळले, रस्ता हा नागरिकांच्या बोलण्याची जागा आहे. मग त्याच रस्त्यावर इतर वेळी बोलणाऱ्या, गाणाऱ्या, नाचणाऱ्या शेजाऱ्याचे म्हणणे ऐकायलाही आपण उभे राहिले पाहिजे.

आवाजाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. संवत्सरीचे प्रतिक्रमण तीनेक तास चालते. त्याच संध्याकाळी गणपतींचे आगमन आणि आरत्या. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात बसलेल्या वृद्ध श्राविकेला ढोलाचा प्रत्येक ठोका छातीत जाणवतो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकांना मनाई करतात, आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य शासनाला देतात. पण शेजारधर्म नियमाच्या पुस्तकातून चालवायचा नसतो. श्रावणातच संघाच्या दोन विश्वस्तांनी जवळच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना घरी चहाला बोलवावे. प्रतिक्रमणाची वेळ त्यांना सांगावी आणि त्यांच्या आगमनाची वेळ विचारून घ्यावी. ज्या मुलांना आपण 'मंडळाची पोरे' म्हणून ओळखतो, ती बहुधा आपल्याच दुकानातून कापड आणि रोषणाई नेणारी मुले असतात. आणि आपल्या वरघोड्याच्या बँडचा आवाजही कोणाच्या तरी परीक्षेच्या दिवसांत येतो, हे त्यांच्याकडून ऐकून घेण्याची तयारी आपणही ठेवावी.

देणे आणि घेणे

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांत एक कटुता साठत चालली आहे. मराठी कुटुंबाला घर नाकारले, अमुक सोसायटीत मांसाहारी नको म्हणून सांगितले, अशा बातम्या येतात. 2023 साली मुलुंडला एका मराठी भगिनीला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा प्रसंग महाराष्ट्रभर गाजला. पार्ल्यातल्याच 'पार्ले पंचम' या संस्थेने नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी निम्मी घरे राखून ठेवावीत अशी मागणी केली. 2015 साली पर्युषणातील मांसविक्रीबंदीवरून शहरात वाद पेटला आणि मुंबईतील विक्रीबंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. हे प्रश्न गुंतागुंतीचे आहेत. प्रत्येक बातमीत दोष आपलाच असतो असे नाही. आपल्या स्वयंपाकघराचे पावित्र्य राखण्याची इच्छाही प्रामाणिक आहे.

पण व्यापारी माणसाने खातेवही उघडून पाहावी. अहिंसा हे स्वतःवर घ्यायचे व्रत आहे. पच्चक्खाण आपण स्वतः घेतो, दुसऱ्याला देववत नाही. समोरच्या घरी काय शिजते यावरून आपण दार उघडणार की नाही हे ठरवले, तर त्या घरातील माणसाच्या मनाला होणारी इजा कोणत्या खात्यावर मांडायची? आणि पार्ल्यातल्या जुन्या दोन-तीन मजली इमारती पाडून नव्या उभ्या राहत असताना, ज्यांच्या तंबोऱ्याने, ज्यांच्या शाळांनी, ज्यांच्या मोदकांनी हे उपनगर हवेसे झाले, ते कुटुंबच दूर विरारला किंवा बदलापूरला गेले, तर आपण विकत घेतलेल्या चौरस फुटांत पार्ले किती उरेल? आपण या गावात आलो ते केवळ स्टेशन जवळ म्हणून आलो नव्हतो.

याला उपाय मोठे नाहीत, घरगुतीच आहेत. येत्या चातुर्मासात प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात. मुलांना एक मराठी नाटक आणि एक गाण्याची बैठक दाखवावी; दुपारच्या प्रयोगाची तिकिटे काढली तर चोविहारही सांभाळला जातो. पाठशाळेत स्तवनांबरोबर मराठी बोलण्याचा एक तास ठेवावा, आणि शिकवायला शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला सन्मानाने बोलवावे. तपस्व्याच्या पारण्याला मजल्यावरच्या सर्व घरांना आमंत्रण द्यावे आणि अठ्ठाई म्हणजे काय हे त्यांना मराठीत सांगावे. गणपतीच्या दिवसांत उपवास असेल तर आरतीला जाऊन उभे राहता येते. प्रसाद दुसऱ्या दिवशी मागून घेता येतो.

आणि संवत्सरीनंतर आपण क्षमापनेचे निरोप पाठवतो, ते बहुधा नातेवाइकांना, आडत्यांना आणि व्यापारातील मंडळींना. दिगंबर बांधव क्षमावाणीच्या दिवशी असेच करतात. या वर्षी त्या यादीत समोरच्या दाराची भर घालावी. मोबाइलवरून नव्हे, दार वाजवून, हात जोडून. "वर्षभरात आमच्याकडून काही उणेअधिक झालं असेल, तर क्षमा करा." त्यांच्या घरी त्या वेळी गौरीची तयारी चालली असेल. ते तुम्हाला आत बोलावतील, बसायला सांगतील. पाच मिनिटे बसावे.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.